मापाचं पाऊल

बसमध्ये तिच्या बुटावर कुणाच्या तरी पिशवीचा कोपरा टेकला. आदळला असता तर गोष्ट वेगळी. नुसता टेकला, आणि ती किंचाळली. अशी की ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं. पिशवीवाला म्हातारा बिचारा कावराबावरा झाला. "अहो बाई, पाव आहेत हो, नुसते पाव," म्हणत त्यानं पुरावा म्हणून पिशवी उघडून दाखवली, तेव्हा दोघं-चौघं हसले. तीही हसली, "काही नाही, काही नाही," म्हणाली, आणि आपला थांबा नसताना पुढच्याच थांब्यावर उतरून गेली. फुटपाथवर एका खांबाला धरून उभी राहिली. उजव्या पायाचं दुसरं बोट बुटाच्या आत ठणकत होतं, पण त्याचं तिला नवल नव्हतं. ते रोजच ठणकायचं, त्या ठणक्याशी तिची जुनी ओळख होती. ती घाबरली होती दुसऱ्याच गोष्टीला. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं आज तोंडातून निसटलं होतं, तेही चारचौघांत. बसमध्ये कारखान्यातलं कुणी असतं म्हणजे? तिनं वळून बघितलं, तर बस केव्हाच गेलेली. समोरच्या दुकानाच्या काचेआड बायकांचे बूट ओळीनं मांडून ठेवले होते.

त्यातला एकेक बूट जगात सगळ्यात आधी तिनं घातलेला होता. तिचं काम सांगितलं की लोकांना हसूच यायचं. बुटांच्या कारखान्यात ती पाऊल होती. हो, पाऊलच. बायकांचा नवा बूट काढायचा ठरला की पहिला जोड एकाच मापात बनायचा, तिच्या. ती तो घालायची, मापखोलीतून बाहेरच्या लांब व्हरांड्यात चालून यायची आणि सांगायची, टाचेला सैल आहे, घोट्याला घासतोय, इथली शिवण टोचते. ती बोट ठेवील तिथे फर्मेवाले, एकच गृहस्थ होते ते, खडूनं खूण करायचे. फर्मा म्हणजे ज्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात ते लाकडी पाऊल; फर्मेवाले ते कानशीनं घासायचे, नाहीतर वर चामड्याची चकती चिकटवायचे, तिचं समाधान होईपर्यंत. मग त्या एका फर्म्यावरून लहानमोठी सगळी मापं निघायची आणि शहरभरच्या बायका ते बूट घालून कामावर जायच्या, जिने चढायच्या, दुकानात तासन् तास उभ्या राहायच्या. कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. दारावरच्या रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती मापबाई. "मापबाई, जरा बघून चाला, पाय मुरगळला तर कारखाना बंद पडेल हो!" असं रखवालदार रोज म्हणायचा, आणि रोज ऐकूनही तिला बरं वाटायचं. का वाटू नये? तिच्या वाट्याला कौतुक असं आलंच किती होतं? घरात थोरली बहीण देखणी. हिचे दात पुढे, केस विरळ, खांदे पडलेले. "थोरलीच्या वेळी देव जागा होता, हिच्या वेळी डुलकी लागली त्याला," असं आई पाहुण्यांसमोर म्हणायची, पाहुणे हसायचे, आणि मग रीतसर हिलाही हसावं लागायचं. लग्नाआधी ती कारखान्यात खोक्यांना कागद लावायच्या कामाला लागली. एके दिवशी तिथल्या सगळ्या बायकांना बाकावर बसवून पावलं बघितली गेली. फर्मेवाल्यांच्या मिशा तेव्हा काळ्याभोर होत्या. ते एकेकीचं पाऊल हातात घेत, फीत लावत, मान हलवत पुढे सरकत होते. तिचं पाऊल त्यांनी घेतलं, फीत लावली, पुन्हा लावली, आणि मागे न बघता साहेबांना म्हणाले, "मिळालं." एवढाच शब्द. त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं ते पाऊल कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसली होती. आपल्यात एक तरी गोष्ट बरोबर आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

खांब सोडून ती चालायला लागली. चालताना तिनं नेहमीसारखी बोटं आवरून घेतली. हे आवरून घेणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाकावर आणखी कुणी बसायला आलं की आपण अंग चोरून सरकतो, तेवढंच ते. बोटं जराशी आत ओढायची, पेरात मुडपायची, की टाच मागे सरकते आणि बूट बसतो. मध्यंतरी निमुळत्या बुटांची लाट आली होती तेव्हाची गोष्ट. डिझायनरनं काढलेला बूट सुंदर होता, त्यात वादच नाही, नाजूक, पुढे चिंचोळा. तिनं घातला आणि म्हणाली, "थोडा चावतोय हो पुढे." साहेब हसत म्हणाले, "पाऊल बदललं की काय तुमचं, मापबाई? मग आम्हालाही मापबाई बदलावी लागेल." गंमतच केली होती त्यांनी, सगळे हसले, फर्मेवालेही हसले. पण ती गंमत तिच्या डोक्यातून काही गेली नाही. मापबाई बदलली म्हणजे पुन्हा खोकी, पुन्हा कागद, पुन्हा ती पडलेल्या खांद्यांची कुणीतरी. पुढच्या वेळी बूट चावला तेव्हा तिनं बोटं आवरली, व्हरांड्यात चालून आली आणि म्हणाली, "बरोबर आहे." तसं बघायला गेलं तर आवरून घेण्यातच तिचा जन्म गेला होता. बहिणीच्या वाट्याचं हसू, सासरचं अर्धं कपाट, नवऱ्याच्या मोठ्या आवाजाच्या मित्रांमध्ये कोपऱ्यातली खुर्ची, कुठे म्हणून ती पाय पसरून बसली होती? तेव्हा बुटात आणखी थोडं आवरलं, त्यात विशेष ते काय! गंमत अशी की पुढे पुढे आवरावंही लागेना. बोटं आपली आपणच तशी राहायला लागली. बूट चावायचे बंद झाले. एकदा तर लांबी जास्तच वाटली होती तिला.

नवऱ्याला मोज्यांवरून शंका आली होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि वर-खाली या विषयावर त्याचे विनोद कधी संपायचे नाहीत. धुतलेले मोजे घडी करताना तो म्हणायचा, "जगाचे मोजे खालून फाटतात, तुझे वरून. तू काय छताला पाय लावून चालतेस गं?" यावर ती त्याच्या हातातून मोजे ओढून घ्यायची. त्या दिवशी बसमधून मधेच उतरून, उरलेला रस्ता तुडवत ती घरी आली तेव्हा तो खिडकीपाशी बसून पाना साफ करत होता. ती समोर बसली, बूट काढला, मोजा काढला आणि पाऊल उजेडात पुढे केलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा पाय त्यानं असा पाहिला नव्हता. घरात ती कायम मोज्यांत असायची, थंडी वाजते म्हणायची. दुसरं बोट मधल्या पेरावर कमान करून उभं होतं, टोक खाली रुतलेलं, आणि कमानीच्या माथ्यावर पिवळं, टणक कुरूप. शेजारचं तिसरंही त्याच वाटेला लागलेलं. नवऱ्यानं पाना खाली ठेवला. विनोद सुचला नाही त्याला, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडूच यायला लागलं.

"कधीपासूनचं आहे हे?"

"काही नाही हो. बूट नवा आहे, म्हणून लागतोय."

"अगं, पण बूट तुझ्याच मापाचा असतो ना?"

तिनं मोजा परत चढवला. पायांच्या डॉक्टरची वेळ त्यानंच फोन करून घेतली, आणि सोबत येतो म्हणाला. ती म्हणाली, "नको, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आणि एकटीच गेली.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ती खाली मान घालून बसली आणि तिथेच फसली. खाली पावलं होती. समोरच्या रांगेत बायका बसलेल्या, आणि त्यांच्या पायांत तिचे बूट. तपकिरी, बाजूला बक्कल असलेला तो. त्याची टाच तीनदा बदलायला लावली होती तिनं. काळा, बिनबंदांचा, तो तर तिला इतका आवडला होता की व्हरांड्यात उगाच एक फेरी जास्त मारली होती. त्या काळ्या बुटावर, करंगळीच्या जागी, त्या बाईनं ब्लेडनं चौकोनी खिडकी कापली होती. कडा नीट दुमडून शिवलेल्या, घरीच. खिडकीतून मोज्याचा फुगा बाहेर आला होता. बाईनं तिची नजर ओळखली. "काय करणार," ती ओशाळून म्हणाली, "बूट चांगला आहे हो, माझाच पाय मेला वाकडा." हे ऐकून तिला त्या खोलीत बसवेना. उठून पाण्याच्या नळापाशी गेली, ग्लास भरला, प्यायली नाही, पुन्हा येऊन बसली. मनात म्हणत राहिली, माझ्यामुळे कशाला, पायांचे आजार असतात लोकांना, आनुवंशिक असतात, वयानं होतात. मन असं वकिली करायला लागलं की थांबत नाही. तिला हाक मारली तेव्हा ती खिडकीच्या बूटवालीकडे न बघता आत गेली.

डॉक्टरीण तरुण होती, चाकांच्या ठेंगण्या स्टुलावर बसून सरकत सरकत आली, आणि काही विचारायच्या आत पाऊल हातात घेतलं. तिला कसंसंच झालं. पाऊल कुणाच्या हातात देणं हा तिचा रोजचा धंदा, पण तिथे सगळे ते वाखाणायला घ्यायचे. ही तरुण मुलगी अंगठ्यानं बोटाची कमान हलकेच दाबत होती, टोक धरून पुढे ओढत होती, पेर चाचपत होती.

"दुखतं?"

"ओढल्यावर बरं वाटतं," ती म्हणाली, आणि आपणच चकित झाली.

"वाटणारच. हे बघा, याला हॅमर टो म्हणतात. बोट मधल्या सांध्यात वाकून बसतं. सुरुवातीला नुसती सवय असते, मग वरच्या-खालच्या शिरा आखडतात, आणि शेवटी सांधाच घट्ट होतो. तसं झालं की हातानं ओढून काही उपयोग नाही, ऑपरेशनच करावं लागतं. तुमचं उजव्या पायाचं अजून सरळ होतंय, बघा. डावं जरा हट्टी आहे, पण तेही ऐकेल. वेळेवर आलात तुम्ही." मग तिनं बूट उचलला, उलटा-पालटा केला, आतला पातळ तळ सोलून काढावा तसा बाहेर ओढला आणि जमिनीवर ठेवला. "उभ्या राहा याच्यावर. सगळा भार द्या. बोटं सोडा. अहो, सोडा ना, धरून काय ठेवलीत?"

तिनं सोडली. सोडायची म्हणजे काय हे आठवायलाच वेळ लागला. ती खाली बघत होती, आणि तिची बोटं त्या तळाच्या काठावरून पुढे आली, जमिनीला टेकली. अंगठाही बाहेर, करंगळीही. डॉक्टरीण म्हणाली, "सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी बुटात. इथे बोटंच मावत नाहीत. या कंपनीच्या बुटांचे पाय माझ्याकडे रोज येतात. कुणाच्या पायावर बेततात हे, देव जाणे!"

डॉक्टरीण बोलतच होती, कुरपावर लावायची मऊ टोपी, बोट खाली धरून ठेवायला चिकटपट्टी, रोज बोटांनी टॉवेल गोळा करायचा, हातानं ओढून धरायचं, पुढून रुंद आणि उंच बूट घ्यायचे. तिच्या कानावर शब्द पडत होते आणि डोळ्यांसमोर फर्मेवाल्यांची कानस चालत होती. लांबी जास्त वाटते, ती म्हणाली होती. त्यांनी विश्वासानं पुढून घासलं होतं. तिचं पाऊल आखडत गेलं आणि त्याच्यामागून लाकडी पाऊलही आखडत गेलं, आणि त्याच्यामागून, कपाळ माझं, सगळं शहर.

घरी उपचार सुरू झाले तेव्हा नवऱ्याला पुन्हा विनोद सुचायला लागले. संध्याकाळी ती खुर्चीत बसून बोटांनी जमिनीवरचा टॉवेल ओढायची आणि तो वरून रेफ्रीसारखा ओरडायचा, "करंगळी मागे पडली! अंगठ्याची फसवाफसवी चालू आहे!" मग तोच समोर बसून एकेक बोट चिमटीत धरून हळू ओढायचा, लिफ्टच्या तारा तपासाव्यात तशा गंभीर चेहऱ्यानं. चिकटपट्टी लावायला तिच्यापेक्षा तो लवकर शिकला. दिवसामागून दिवस गेले आणि बोटं खरोखर ऐकायला लागली. एका सकाळी स्वयंपाकघरात अनवाणी उभी असताना तिला फरशीचा गारवा बोटांच्या पोटाला लागला. टोकाला नव्हे, पोटाला. ती तशीच उभी राहिली, दूध उतू गेलं. इतका साधा आनंद किती वर्षांत झाला नव्हता! आणि त्याच्या मागोमाग भीती आली, कारण त्या दिवशी मापखोलीत तिला नव्या बुटाची चाचणी द्यायची होती.

कारखान्यात पोचल्यावर ती आधी न्हाणीघरात जायची. दार लावून मोजे काढायची, चिकटपट्टी सोलायची, कुरपावरची टोपी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायची. मग मापखोलीत जाऊन बूट घालायची आणि बोटं आवरायची. आता ती आवरताना दुखायची. पूर्वी मुकाट्यानं दुमडणारी बोटं आता वर उसळायची, तिला ती दाबून धरावी लागायची, चेहरा सरळ ठेवून व्हरांडाभर चालावं लागायचं. "बरोबर आहे." फर्मेवाले खूश. संध्याकाळी घरी नवरा पाऊल हातात घेऊन म्हणायचा, "काल तर बरं होतं की गं हे?" ती म्हणायची, "असतं असं." घरी सरळ करायचं आणि कामावर जाऊन मोडायचं, हा कुठला उद्योग होता? पण सोडायचं तरी काय? बोटं सरळ झाली की ती मापाची उरत नव्हती, आणि मापाची राहायचं तर बोटं एक दिवस लाकूड होणार होती. दुसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी डाव्या पायाचं बोट दाबलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे मागच्या वेळेपेक्षा घट्ट झालंय. घरी करता ना सगळं?"

"रोज करते. आमचे हे स्वतः ओढून देतात."

"मग दिवसा कुणीतरी परत वाकवतंय. तुम्ही काम काय करता?"

"कारखान्यात आहे," ती म्हणाली. "खोक्यांना कागद लावते." खोटं इतकं सहज बाहेर आलं की तिला आपल्याच तोंडाची धास्ती वाटली. डॉक्टरीण म्हणाली, "असंच चाललं तर पुढच्या वेळी मी ओढणार नाही, सर्जनकडे चिठ्ठी देईन." बाहेरच्या खोलीत आज दुसऱ्याच बायका होत्या, पण बूट तेच होते.

त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही, झोपली, उठली. सकाळी नवऱ्यानं पट्टी लावून दिली. बसमध्ये ती पुढच्या दाराजवळ उभी होती आणि मनात ठरवत होती की आजचा दिवस निभावून नेऊ, उद्यापासून बघू. असं ती कित्येक आठवडे ठरवत आली होती. कारखान्यात रखवालदार म्हणाला, "बघून चाला, मापबाई," ती नेहमीसारखी हसली, न्हाणीघरात गेली, मोजा काढला, आणि पट्टीचं टोक नखानं उचललं. बोट सरळ होतं. लालसर, थोडं केविलवाणं, पण सरळ. त्याला पुन्हा त्या अंधारात कोंबायचं तिच्या जिवावर आलं. दया आली तिला त्याची, अगदी खरी दया, लहान मूल झोपलेलं असताना त्याला उठवून शाळेत धाडताना येते तशी. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. तिनं पट्टीचं टोक परत चिकटवलं आणि तशीच मापखोलीत गेली.

खोलीत चामडं चिकटवायच्या सोल्यूशनचा वास भरला होता. साहेब उभे, डिझायनर खिडकीशी, फर्मेवाले बूट हातात धरून गुडघ्यावर बसलेले. त्यांच्या मिशा आता पांढऱ्या होत्या, पण बूट पुढे करायची ऐट तीच होती. तिनं पाय घातला. पुढे सरकवला. बोटं बुटाच्या टोकाला जाऊन टेकली आणि टाच बाहेरच राहिली, अर्धी आत, अर्धी काठावर. फर्मेवाल्यांनी शिंगाची पट्टी लावून टाच आत सरकवायचा प्रयत्न केला. तिला नुसतं आवरायचं होतं. सवयीनं बोटं हललीसुद्धा. मग तिनं ती थांबवली.

"लांबीला कमी आहे," ती म्हणाली.

फर्मेवाले हसले. "चेष्टा करताय की काय, मापबाई? या फर्म्यावर किती बूट काढले आपण!"

"सगळेच कमी आहेत. मी बोटं दुमडत होते आत." तिनं पाय बुटातून थोडा मागे घेतला. "निमुळते बूट निघाले तेव्हापासून. नंतर ती तशीच राहिली, म्हणून मला बरोबर वाटायचं. आता औषधपाणी चालू आहे. हे माझं पाऊल आहे, मोजा पाहिजे तर."

फर्मेवाल्यांनी मोजलं नाही. त्यांनी कानशीच्या घट्ट्यांनी भरलेला हात कपड्याला पुसला आणि म्हणाले, "मी विचारत होतो की तुम्हाला. दर वेळी विचारत होतो." यात राग होता, आणि रागापेक्षा जास्त दुःख होतं, आणि ते तिला साहेबांच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं. "हो," ती म्हणाली, "तुम्ही विचारत होतात." डिझायनर खिडकीबाहेर बघायला लागला. साहेब मात्र शांत होते. मोठ्या माणसांचं हे बरं असतं, त्यांना लगेच वाट सापडते. "हे बघा, मापबाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "पायाचं दुखणं तुमचं आहे, त्यात फर्म्याला कशाला ओढता? बाजारात कुणाची तक्रार नाही. तुम्ही आराम करा, पाय बरा करा, खोक्यांच्या विभागात बसून करण्यासारखं काम आहेच." मग फर्मेवाल्यांकडे वळून म्हणाले, "त्या शिवणीतल्या बाईंना बोलवा. तुम्ही मागे बघून ठेवल्या होत्यात ना?" फर्मेवाल्यांनी मान खाली घातली. म्हणजे आधीच बघून ठेवली होती तर! तिला हसावं की रडावं कळेना. ती बाकावर बसली, एक पाय बुटात अर्धा, एक मोज्यात, आणि उठून जायचं असतं हेही तिच्या लक्षात राहिलं नाही.

शिवणीतली बाई आली. तिशीची, बारीक, ओढणीला दोऱ्याची तुसं चिकटलेली. दिवसभर मशीनवर वाकून मानेला कायमचा बाक आलेला. कशासाठी बोलावलंय ते वाटेत कुणीतरी सांगितलं असावं, कारण चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीखाली काहीतरी उजळलं होतं. ते काय आहे हे त्या खोलीत फक्त मापबाईला माहीत होतं. फर्मेवाल्यांनी तिचं पाऊल हातात घेतलं, फीत लावली, या वेळी "मिळालं" म्हणाले नाहीत. दुसऱ्या पायाचा बूट तिला दिला. तिनं पाय आत घातला, थबकली. साहेबांकडे बघितलं, डिझायनरकडे बघितलं. मग तिच्या पोटरीची शीर एकदा ताणली गेली आणि टाच अलगद आत गेली.

"कसा आहे?" साहेब.

"मस्त आहे, साहेब. एकदम बरोबर."

"चालून दाखवा."

ती चालली. जाऊन आली. छान चालली, मान ताठ करून चालली. बहुतेक बऱ्याच दिवसांनी ती अशी ताठ चालत होती. मापबाई बुटाकडे बघत होती. कोवळ्या चामड्यावर, दुसऱ्या बोटाच्या जागी, एक उंचवटा आला होता. अजून बारीक होता, इतरांना दिसलाही नसता. आपण गप्प बसायचं, तिच्या मनात आलं, आपलं सुटलं ना, आपलं पाऊल घेऊन घरी जायचं, संध्याकाळी टॉवेल ओढायचा, बाकीच्यांचं बाकीचे बघून घेतील. खरंच आलं तिच्या मनात. आणि ती बाकावरून उठली, अर्धवट बूट झटकून टाकला, पट्टी लावलेल्या पायानं लंगडत गेली आणि त्या बाईच्या पुढ्यात खाली बसली. दोन्ही हातांनी तो बूट धरला. अंगठा उंचवट्यावर ठेवला. चामड्याखाली बोट थरथरत होतं.

"सोड," ती म्हणाली.

"काय हो ताई? बसतोय की नीट."

"बोटं सोड. धरून ठेवू नकोस."

बाईनं वर साहेबांकडे बघितलं, मग खाली वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल अशी कुजबुजली, "सोडली तर टाच बाहेर येईल, ताई. पाया पडते तुमच्या, राहू द्या ना."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि तिनं अंगठा काढला नाही. "माझी आली. तुझीही येऊ दे."

मग तिच्या अंगठ्याखालचा उंचवटा हळूहळू खाली बसला, आणि बुटाच्या मागच्या काठावरून त्या बाईची टाच सगळ्यांच्या देखत वर आली.